पोकळीचं वजन

पारा भरलेली मीटरभर लांबीची काचेची नळी, एक तोंड बंद. उघड्या तोंडावर बोट दाबून ती उलटी करायची, पाऱ्याच्याच भांड्यात बुडवायची आणि बोट काढून घ्यायचं. नळीतला पारा खाली घसरतो, पण सगळा नाही. भांड्यातल्या पातळीपासून सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीवर तो थांबतो आणि वर, बंद टोकापाशी, वीतभर जागा मोकळी राहते. १६४४ साली फ्लॉरेन्सच्या एव्हान्जेलिस्ता तोरिचेल्लीने रोममधल्या आपल्या मित्राला पत्र लिहून हा प्रयोग कळवला. युरोपातल्या विद्वानांना त्यात पाऱ्यापेक्षा त्या वीतभर जागेने जास्त छळलं. तिथे काय आहे?

‘काहीच नाही’ असं म्हणणं त्या काळी सोपं नव्हतं. जग म्हणजे अणू आणि त्यांच्यामधली पोकळी, असं डेमोक्रिटसने सांगून ठेवलं होतं, पण जवळजवळ दोन हजार वर्षं चालला तो ॲरिस्टॉटलचा शब्द, आणि त्याने पोकळी अशक्य ठरवली होती. त्याची कारणं आजही थांबून वाचावीत अशी आहेत. वस्तू दाट माध्यमातून हळू जाते, विरळ माध्यमातून वेगाने. मग माध्यमच नसेल तर वेगाला मर्यादा उरणार नाही, आणि अमर्याद वेग तर असंभव. दुसरं कारण याहून सुंदर आहे. पोकळीत सगळ्या जागा सारख्याच. तेव्हा एकदा चालू पडलेली वस्तू इथे थांबावी आणि तिथे थांबू नये, याला कारण काय? ती चालतच राहील. हे त्याला इतकं विपरीत वाटलं की त्याने पोकळीच नाकारली. पुढे न्यूटनने गतीचा पहिला नियम म्हणून जे मांडलं, ते ॲरिस्टॉटलच्या हाताशी आलं होतं आणि त्याने ते उलट्या बाजूने वापरलं. विज्ञानाच्या इतिहासात मला इतकी हळहळ दुसऱ्या कुठल्या जागी वाटत नाही.

देकार्त वेगळ्या वाटेने तिथेच पोचला होता. जागा व्यापणं हेच द्रव्याचं लक्षण, म्हणून द्रव्याशिवाय जागा ही कल्पनाच त्याला निरर्थक वाटे. १६४७ मध्ये पॅरिसला तो तरुण ब्लेझ पास्कलला भेटला. दोघांचं पटलं नाही, आणि पुढे एका पत्रात देकार्तने लिहिलं की पोकळी जास्त आहे ती पास्कलच्या डोक्यात. पास्कलने प्रयोग डोंगरावर नेला. १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याचे मेहुणे फ्लोराँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन मध्य फ्रान्समधला प्वी द दोम चढले. माथ्यावर पाऱ्याची उंची पायथ्यापेक्षा सुमारे ८ सेंटीमीटरने कमी भरली. जुन्या समजुतीप्रमाणे निसर्गाला पोकळीचा तिटकारा असता, तर तो पायथ्याशी जास्त आणि माथ्यावर कमी कशाला असेल? पारा वर ओढला जात नव्हताच. बाहेरच्या हवेचं वजन त्याला वर तोलून धरत होतं, आणि डोंगरमाथ्यावर डोक्यावरची हवा कमी होती.

मग पंप आले. मॅगडेबुर्गचा महापौर ओटो फॉन गेरिके याने धातूचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना घोड्यांच्या जोड्या जुंपून ते ओढायला लावले. तरी ते सहजी सुटेनात. तो देखावा सगळ्यांना माहीत असतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट बॉइलने केलेला शांत प्रयोग. रॉबर्ट हूकने बनवलेल्या पंपाला जोडलेल्या काचेच्या गोलात त्याने चालू घड्याळ दोऱ्याने टांगलं आणि हवा काढत गेला. टिकटिक क्षीण होत होत ऐकू येईनाशी झाली. घड्याळ मात्र तसंच दिसत राहिलं. म्हणजे हवा गेली, आवाज गेला, पण प्रकाश त्या ‘रिकाम्या’ गोलातून आरपार येत होता. गोल कशापासून रिकामा झाला होता, एवढंच सांगता येत होतं.

हा प्रश्न नीट कसा विचारायचा, याची शिस्त आपल्याकडे फार पूर्वी लागली होती. वैशेषिकांनी जगातल्या सगळ्या गोष्टींची वर्गवारी केली, तेव्हा द्रव्य, गुण, कर्म अशा सहा पदार्थांत पुढच्या आचार्यांनी सातव्याची भर घातली: अभाव. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कळतं, म्हणजे ‘नसणं’ हाही ज्ञानाचा विषय आहे. ते कळतं कसं, यावर वाद झाले. भाट्ट मीमांसकांनी त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाणच मानलं. पण नैयायिकांचा मुद्दा मला सर्वांत धारदार वाटतो. नुसता अभाव असा काही नसतो, असं ते म्हणतात. अभाव कशाचा तरी असतो, तो त्याचा प्रतियोगी. आणि कुठे तरी असतो, तो त्याचा अनुयोगी. हे दोन्ही सांगितल्याशिवाय ‘नाही’ या विधानाला अर्थ येत नाही. नागार्जुनाची वाट निराळी, पण शून्यता म्हणजे सर्वनाश असं समजणाऱ्यांना त्यानेही खोडून काढलं. वस्तूंना परस्परांवेगळा, स्वतःपुरता स्वभाव नाही, एवढंच त्याच्या शून्यतेत अभिप्रेत आहे.

यावरून कुणी म्हणेल की पुंजभौतिकी आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. तसं मी मुळीच म्हणणार नाही; त्यात त्यांच्यावरही अन्याय होतो आणि ज्यांनी रात्री जागवून मोजमापं घेतली त्यांच्यावरही. पण ‘कशाचा अभाव?’ हा नैयायिकांचा प्रश्न हातात धरला की पोकळीचा सगळा इतिहास सरळ वाचता येतो. तोरिचेल्लीच्या पोकळीचा प्रतियोगी हवा होता. पाऱ्याची वाफ तिथे होतीच. दर घनसेंटीमीटरमागे पाऱ्याचे अब्जावधी अणू त्या वीतभर जागेत फिरत होते, आणि त्या काळी ते कळण्याचा मार्ग नव्हता.

प्रतियोगी एकेक करून वाढवत जाऊ. आपण श्वास घेतो त्या हवेच्या एका घनसेंटीमीटरमध्ये सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या ज्या नळीतून प्रोटॉन धावतात, ती माणसाने रिकाम्या केलेल्या सर्वांत मोठ्या जागांपैकी एक; तरी तिच्या दर घनसेंटीमीटरमध्ये हजारो-लाखो रेणू राहून जातात. दीर्घिकांच्या मधल्या अवकाशात गेलं तर एका घनमीटरमागे सरासरी एखादा अणूही सापडणार नाही. समजा, तोही काढला. मग उरतो प्रकाश. विश्वाच्या तापलेल्या बालपणातून निघालेलं, १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांच्यामुळे जगाला कळलेलं प्रारण सगळीकडे भरून आहे: दर घनसेंटीमीटरला सुमारे ४१० फोटॉन. भोवती जाड भिंत उभारून तेही अडवता येईल, पण भिंतीला स्वतःचं तापमान असतं आणि तापलेली भिंत आत प्रारण सोडते. म्हणून भिंत थंड करत जायची, निरपेक्ष शून्यापर्यंत. आता आत ना अणू, ना फोटॉन. एकोणिसाव्या शतकात अशा जागेतही ईथर नावाचं प्रकाशवाहक माध्यम असणार असं मानत. मायकेलसन आणि मोर्ली यांना १८८७ मध्ये क्लीव्हलंडला त्याचा मागमूस लागला नाही आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्याची गरजच संपवली. मग आता तरी हाती आलं ते निव्वळ काहीच नाही का?

इथे पुंजभौतिकी आडवी येते. झोपाळ्याचा विचार करा. तो थांबला की मधोमध लोंबतो: जागा ठरलेली आणि वेग शून्य, दोन्ही एकाच वेळी नक्की. अणूंच्या जगात हे चालत नाही. १९२७ मध्ये हायझेनबर्गने दाखवलं की जागा जितकी नक्की, तितका संवेग अनिश्चित. म्हणून कितीही थंड केला तरी पुंज-झोपाळा पुरता निश्चल होऊ शकत नाही. जितकी ऊर्जा काढून घेणं शक्य आहे तितकी काढून घेतल्यावरही त्याच्यापाशी थोडी उरते, आणि ती काढायला वाट नसते. हिला शून्यबिंदू ऊर्जा म्हणतात. ही कल्पना हायझेनबर्गच्याही आधीची आहे. १९११ च्या सुमारास माक्स प्लांकने आपल्या सिद्धांताची दुसरी मांडणी केली, तेव्हा समीकरणात एका पुंजाच्या निम्म्या ऊर्जेएवढं पद उरलं. १९२४ मध्ये रॉबर्ट मलिकनने बोरॉनच्या दोन समस्थानिकांपासून बनलेल्या संयुगाच्या वर्णपटांची तुलना केली. रेषा जिथे सापडल्या त्या जागा हे अर्धं पद धरल्याशिवाय जुळत नव्हत्या.

हीलियम तर हे डोळ्यांना दाखवतो. लायडनला कामरलिंग ओनेसने १९०८ मध्ये तो द्रवरूप केला, सुमारे ४.२ केल्विनला. मग तो गोठवण्यासाठी तापमान आणखी खाली नेलं, पण हीलियम गोठला नाही. नेहमीच्या दाबाखाली तो निरपेक्ष शून्यालाही गोठणार नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. त्याचे अणू हलके आणि त्यांचं एकमेकांवरचं आकर्षण क्षीण, त्यामुळे शून्यबिंदूची हालचालच त्यांना जागेवर बसू देत नाही. सुमारे २५ वातावरणांचा दाब दिला तेव्हा कुठे तो घट्ट होतो. कीसोमने १९२६ मध्ये ते करून दाखवलं. सगळी उष्णता काढून घेतलेला पदार्थ बरणीत वाहत राहतो, हे पहिल्यांदा वाचल्यावर मला त्यावर विश्वास ठेवायला वेळ लागला.

आता हीच गोष्ट रिकाम्या जागेला लावा. विद्युतचुंबकीय क्षेत्र सगळीकडे आहे, आणि त्याची प्रत्येक वारंवारता त्या झोपाळ्यासारखी वागते. एकही फोटॉन नसला तरी क्षेत्राचं सरासरी मूल्य तेवढं शून्य होतं. त्याचा फैलाव शून्य होत नाही. प्रत्येक वारंवारतेमागे अर्धा पुंज राहतोच. लोकप्रिय पुस्तकांत याचं चित्र असं काढतात की पोकळीत कणांच्या जोड्या सतत जन्मतात आणि विरतात, पोकळी जणू उकळत असते. मला हे चित्र खटकतं. पोकळीची अवस्था काळानुसार बदलत नाही. तिच्यात उकळण्यासारखं काही घडत नाही. ज्याला मोजायला गेलं की दर वेळी वेगळं उत्तर मिळेल, अशा क्षेत्राची ती सर्वांत शांत अवस्था आहे. कणांच्या जोड्या गणिताची सोय म्हणून येतात. त्या बाजूला ठेवल्या तरी नवल कमी होत नाही.

हे मोजता येतं का? १९४७ साली कोलंबिया विद्यापीठात विलिस लॅम्ब आणि रॉबर्ट रेदरफर्ड यांनी हायड्रोजनवर मायक्रोलहरी सोडल्या. युद्धकाळात रडारसाठी विकसित झालेलं तंत्र त्यांच्या हाताशी होतं. डिरॅकच्या समीकरणाप्रमाणे हायड्रोजनच्या ज्या दोन अवस्थांची ऊर्जा अगदी सारखी असायला हवी, त्यांच्यात त्यांना सुमारे १००० मेगाहर्ट्झचा फरक सापडला. जूनमध्ये न्यू यॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवर निवडक भौतिकशास्त्रज्ञ जमले, तिथे हीच चर्चा झाली. परिषद आटोपून स्केनेक्टडीला जाणाऱ्या आगगाडीत हान्स बेथे गणित मांडत बसला आणि उतरेपर्यंत त्याच्याकडे उत्तर होतं: १०४०. रिकाम्या जागेतल्या क्षेत्राचा फैलाव इलेक्ट्रॉनला जागच्या जागी किंचित थरथरवतो, त्यामुळे केंद्रकाची ओढ त्याला थोडी वेगळी जाणवते. हायड्रोजनच्या प्रत्येक अणूवर पोकळीची अशी मोहोर आहे, आपल्या अंगातल्या पाण्यातल्या हायड्रोजनवरही.

पुढच्याच वर्षी हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या हेंड्रिक कॅसिमिरने आणखी विलक्षण गोष्ट सांगितली. तो आणि डिर्क पोल्डर द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांमधल्या आकर्षणाचा अभ्यास करत होते. नील्स बोरशी बोलताना शून्यबिंदू ऊर्जेचा विषय निघाला आणि कॅसिमिरला वाट सापडली. विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्या पोकळीत समोरासमोर धरल्या, तर त्यांच्यामध्ये काही ठरावीक लहरीच मावतात; बाहेर सगळ्या मावतात. या फरकामुळे पट्ट्या एकमेकींकडे ढकलल्या जायला हव्यात. अंतर निम्मं केलं की बल सोळापट. एक मायक्रॉन अंतरावर हा दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ आठ कोटींव्या भागाएवढा, पण अंतर १० नॅनोमीटरवर आणलं की तो वातावरणाच्या दाबाएवढा होतो. १९९७ मध्ये सिएटलला स्टीव्ह लॅमोरोने तो नेमकेपणाने मोजला आणि भाकीत खरं ठरलं. २०११ मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात याच्याही पुढची पायरी गाठली: अतिवाहक मंडलातला विद्युत ‘आरसा’ प्रकाशाच्या वेगाच्या लक्षणीय अंशाने हलवला, तेव्हा रिकाम्या मंडलातून मायक्रोलहरींचे खरे फोटॉन बाहेर आले. त्यांची ऊर्जा आरसा हलवणाऱ्याने पुरवली. फुकट काही निघालं नाही.

एक प्रामाणिक आक्षेपही इथे नोंदवायला हवा. २००५ मध्ये रॉबर्ट जॅफी या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की कॅसिमिर बल शून्यबिंदू ऊर्जेचं नावही न घेता काढता येतं. पट्ट्यांमधल्या विद्युतभारांचं एकमेकांवरचं बल म्हणून. उत्तर तेच येतं. म्हणजे हा प्रयोग पोकळीत ऊर्जा ‘ठेवलेली’ आहे याचा निर्विवाद पुरावा होत नाही. पट्ट्या असल्या की काय होतं, हे तो सांगतो. पट्ट्याच नसतील तेव्हा काय, हा प्रश्न तो सोडवत नाही. मला जॅफीचं म्हणणं पटतं, आणि त्यामुळे पुढचं कोडं अधिकच गहिरं होतं.

पण त्याआधी मराठवाड्यात जाऊ, अमेरिकेच्या वाटेने. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेझर धावतो. दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा, जागा सुमारे १०,००० घनमीटर. तिथे पोकळी हा केवळ आडोसा नाही. कार्ल्टन केव्ह्ज यांनी १९८१ मध्येच लक्षात आणून दिलं होतं की यंत्राच्या ज्या तोंडातून प्रकाश आत सोडलेला नाही, त्या तोंडातूनही काही तरी आत शिरतं: पोकळीचा फैलाव. मोजमापातला पुंज-गोंगाट तिथूनच येतो. म्हणून २०१९ पासून हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या लायगोच्या वेधशाळांत पोकळीच ‘पिळून’ आत सोडतात. अनिश्चितता नष्ट करता येत नाही, पण मोजायच्या राशीतून ती दाबून नको असलेल्या राशीत ढकलता येते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे प्रकाशातली ही पुंज-अनिश्चितता ४० किलो वजनाच्या आरशांनाही हलवते. एका मीटरचे १०० कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा १०० कोटी, आणि त्यातल्या एकाचे शंभर. आरसा हलतो तो एवढा. माणसाच्या वजनाशी तुलना होईल अशा वस्तूला पोकळीने दिलेला धक्का आपण मोजू शकतो!

लायगोचं भारतातलं भावंड हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायचं आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. याच औंढ्याच्या देवळातली एक कथा वारकरी परंपरा सांगत आली आहे. गुरूच्या शोधात आलेल्या नामदेवांना विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, बाबा, म्हातारा झालोय, जिथे देव नसेल तिथे माझे पाय तूच उचलून ठेव. नामदेव जिथे पाय ठेवतील तिथे पिंड उभी राहू लागली. ही कथा भौतिकशास्त्राचा पुरावा नव्हे आणि तिला तसं वापरूही नये. तरी रिकामी जागा शोधून न सापडण्याची गोष्ट ज्या मातीत सांगितली जाते, तिथेच माणूस शक्य तितकी रिकामी जागा तयार करायला निघाला आहे, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

आता ते कोडं. ऊर्जेला वजन असतं. गुरुत्वाकर्षण तिला ओळखतं. मग रिकाम्या जागेतल्या प्रत्येक वारंवारतेमागच्या त्या अर्ध्या पुंजाचं वजन कुठे आहे? वारंवारतांना अंत नाही, म्हणून बेरीज अनंत येते. कुठे तरी रेघ मारून थांबावं लागतं. वोल्फगांग पाउलीने फार पूर्वी हे गणित करून पाहिलं होतं. रेघ इलेक्ट्रॉनच्या अभिजात त्रिज्येपाशी मारली, तर विश्व इतकं आक्रसलेलं निघालं की ते चंद्रापर्यंतही पोचलं नसतं. आपलं विश्व चंद्राच्या पुष्कळ पलीकडे पसरलेलं आहे, तेव्हा पोकळी वजनरहित असणार, असं बहुतेकांनी मानून टाकलं.

१९९८ मध्ये ते मानणं मोडलं. सोल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांच्या गटांनी दूरच्या अतिनवताऱ्यांची तेजस्विता मोजली. विश्वाचं प्रसरण मंदावत नसून वेग घेत आहे, असं दिसलं. यातला सर्वांत सरळ अर्थ असा की रिकाम्या जागेला थोडी ऊर्जा आहे. जागा ताणली तरी ही ऊर्जा विरळ होत नाही. जागा दुप्पट झाली की ऊर्जाही दुप्पट. अशा ऊर्जेचा दाब ऋण असतो आणि त्यामुळे तिचं गुरुत्व दूर ढकलतं. आणि ती किती? एका घनमीटरमागे साधारण चार प्रोटॉनच्या वस्तुमानाएवढी. अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानाएवढ्या पोकळीतली ही ऊर्जा गोळा केली तर तिचं वस्तुमान साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. विजेच्या हिशेबात ती १ लाख ६० हजार युनिटच्या घरात जाते, पृथ्वीएवढ्या जागेत मिळून. पण विश्व प्रचंड आणि बहुतांशी रिकामं, म्हणून एकूण ऊर्जेतला सुमारे ७० टक्के वाटा हिचाच निघतो.

ही वाढत जाणारी ऊर्जा येते कुठून, हा प्रश्न कुणालाही पडेल. एमी नोएथर हिने १९१८ मध्ये दाखवलं की ऊर्जा टिकते याचं कारण, निसर्गाचे नियम आज जसे तसे उद्याही असतात हे आहे. प्रसरण पावणाऱ्या विश्वात भूमितीच काळानुसार बदलते, तेव्हा संपूर्ण विश्वाच्या ऊर्जेची बेरीज कायम राहील अशी हमी तिच्या सिद्धांतातून मिळत नाही. ऊर्जा म्हणजे जगात साठवलेला पदार्थ, ही आपली समजूत इथे सुटते. ती एका सममितीचा हिशेब आहे. सममिती नाही तिथे हिशेब जुळलाच पाहिजे असा आग्रह धरता येत नाही.

खरी अडचण आकड्याची आहे. पुंजक्षेत्रांच्या बेरजेत रेघ प्लांकच्या मापाशी मारली, तर उत्तर प्रत्यक्षातल्या ऊर्जेपेक्षा जवळजवळ १ वर १२० शून्यं इतक्या पटीने मोठं येतं. हा आकडा सर्वत्र छापला जातो, पण तो रेघ कुठे मारली यावर अवलंबून आहे, हे सहसा सांगितलं जात नाही. रेघ पुष्कळ अलीकडे, प्रयोगशाळांनी तपासलेल्या ऊर्जांपाशी आणली, तरी पन्नासच्या आसपास शून्यं उरतात. २०१२ मध्ये सापडलेल्या हिग्ज कणाने भार वाढवलाच: हिग्ज क्षेत्राचं तर पोकळीतलं सरासरी मूल्यही शून्य नाही. ते शून्य असतं तर इलेक्ट्रॉनला वस्तुमान नसतं आणि अणू घडलेच नसते. म्हणजे पोकळी अशी आहे म्हणून आपण आहोत, आणि तिच्या वजनाचं गणित मात्र आपल्याला येत नाही.

पुण्याच्या आयुका या संशोधनसंस्थेत थानू पद्मनाभन यांनी या प्रश्नासाठी आयुष्याची बरीच वर्षं दिली. त्यांच्या २००३ च्या विस्तृत निबंधाच्या शीर्षकातच पोकळीचं वजन आहे. या लेखाचं नाव मी तिथूनच घेतलं. पदार्थाची समीकरणं ऊर्जेतल्या फरकांचीच दखल घेतात, असा त्यांचा रोख होता. सगळीकडे सारखीच ऊर्जा वाढवली तर पदार्थाला काहीच कळत नाही. एकटं आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षण ते ओळखतं. मग चूक पोकळीच्या बेरजेत नसून गुरुत्वाकर्षणाच्या आपल्या समजुतीत असेल का? ज्या मांडणीत गुरुत्वही या सरसकट पातळीकडे दुर्लक्ष करेल, अशा मांडणीच्या ते शोधात होते. २०२१ मध्ये ते गेले. मला त्यांची दिशा सर्वांत आशादायक वाटते, कारण ती शून्यं पुसण्याऐवजी ती मोजणाऱ्या तराजूकडे बोट दाखवते.

पोकळीतून अमर्याद वीज काढू, असं सांगणारे अधूनमधून भेटतात. त्यांच्या दाव्यात पोकळीची व्याख्याच विसरलेली असते. ऊर्जा मिळवायची तर वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर यावं लागतं, आणि पोकळी ही सर्वांत खालची पायरी. कॅसिमिरच्या पट्ट्या जवळ येताना एकदाच काम करतात. त्यांना पुन्हा दूर नेताना तेवढंच काम परत द्यावं लागतं.

२०२४ आणि २०२५ मध्ये ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या डेसी या उपकरणाचे निष्कर्ष आले. चार मीटरच्या दुर्बिणीवर बसवलेले ५००० प्रकाशतंतू दीर्घिकांचे वर्णपट टिपत जातात, त्यातून विश्वाच्या प्रसरणाचा आलेख तयार होतो. त्या आलेखात एक इशारा आहे: विश्वाला ताणणारी ऊर्जा स्थिर नसून गेल्या काही अब्ज वर्षांत ओसरत असावी. पुरावा अजून निर्णायक नाही. तो टिकला, तर ही ऊर्जा साध्या अर्थाने पोकळीची असू शकत नाही, कारण पोकळीची घनता बदलत नाही. मग हे काम दुसऱ्याच कुठल्या तरी क्षेत्राचं ठरेल, पोकळीचं वजन पुन्हा शून्यावर येईल, आणि इतक्या प्रचंड आकड्यांची बेरीज नेमकी शून्य कशी होते, हे शोधावं लागेल.